वॉर्म व्हाइट दिवाळी

माझ्या थोरल्या बहिणीच्या सोसायटीने यंदा दिवाळीआधी परिपत्रक काढलंय. बाणेरमधली सोसायटी, चार टॉवर. प्रत्येक बाल्कनीला एकसारख्या वॉर्म व्हाइट माळा आणि एकसारखा पांढरा आकाशकंदील. दोन्ही सोसायटीच पुरवणार, फ्लॅटमागे बाराशे रुपये. रंगीत माळा नकोत, लुकलुकणाऱ्या तर नकोतच. दारापुढे रांगोळी काढू नये, प्रत्येक मजल्यावर लिफ्टजवळ एक काढून दिली जाईल. आणि मुलांना किल्ला करायचा असेल तर क्लबहाउसच्या मागे, ठरवून दिलेल्या जागेत, 'बाहेरून माती न आणता'.

बाहेरून माती न आणता किल्ला! हे लिहिणाऱ्या माणसाने लहानपणी काय केलं असेल, असा विचार मी बराच वेळ करत बसलो.

तरीही गप्प राहिलो असतो. पण ताईने घरच्या ग्रुपवर परिपत्रकाखाली एक फोटो टाकला आणि लिहिलं, 'बघा, युरोपात असंच असतं. किती क्लासी दिसतं.' तो फोटो गेल्या डिसेंबरात मीच पाठवला होता. स्वीडनच्या गोथेनबर्गमधली आमची गल्ली, मायोर्ना भागातली. संध्याकाळी साडेचारचा मिट्ट काळोख, तीन मजली लाकडी इमारतींची रांग आणि जवळजवळ प्रत्येक खिडकीत सात दिव्यांचा तोच त्रिकोण. माझाच फोटो माझ्याविरुद्ध साक्षीला उभा केला आणि वर माझ्याच मताची वाटही न बघता दाजींनी त्याला अंगठा दिला.

तर ताई, आधी त्या फोटोबद्दल. इथे हे कुणी परिपत्रक काढून केलेलं नाही. आमच्या इमारतीच्या नियमावलीत कपडे धुण्याच्या खोलीवर पानभर मजकूर आहे. फिल्टरमधला कचरा कुणी काढायचा, ठरवलेल्या वेळेला अर्धा तास उशीर झाला तर पाळी जाते का, सगळं आहे. खिडकीत काय लावायचं यावर एक ओळ नाही. अॅडव्हेंटच्या, म्हणजे ख्रिसमसआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी लोक आपणहून माळ्यावरची खोकी उतरवतात आणि १३ जानेवारीला, ख्रिसमस संपतो त्या क्नुतच्या दिवशी, आपणहून परत वर टाकतात.

आणि तो सात दिव्यांचा त्रिकोण काही स्वीडनच्या रक्तातून आलेला नाही. तो याच गावात जन्मला. १९३० च्या दशकात फिलिप्सच्या इथल्या गोदामात ऑस्कर अँडरसन नावाचा एक कामगार होता. ख्रिसमसच्या झाडावरच्या परत आलेल्या माळा त्याच्यासमोर पडलेल्या असायच्या. त्यातले चांगले बल्ब काढून त्याने मेणबत्तीच्या लाकडी स्टँडवर बसवले. १९३९ पासून कंपनी तेच बनवायला लागली. म्हणजे एका माणसाने टाकाऊ मालातून घरासाठी केलेली खटपट. साताऱ्यात याचं आम्ही वेगळं कौतुक केलं नसतं, प्रत्येक घरात असा एक असायचाच.

खिडकीत टांगतात ती कागदाची चांदणी आली जर्मनीहून. निस्की नावाच्या गावी मोरावियन या ख्रिस्ती पंथाची निवासी शाळा होती. तिथे एकोणिसाव्या शतकात मुलांना भूमिती शिकवताना कागदी टोकं चिकटवून तारा करायला लावायचे. हेर्नहूटचा तारा म्हणून तो आज विकला जातो. पंचवीस टोकं असतात, सतरा चौकोनी बुडाची, आठ त्रिकोणी. सव्विसावी बाजू उघडी, तिथून दिवा आत. मी आमच्या मुलीबरोबर एकदा तो जोडत बसलो होतो, आणि हातांना काय करायचंय ते आपोआप कळत होतं. आत सांगाडा नाही आणि कामट्या नाहीत, एवढाच फरक. बाकी कोन धरून ठेवायचा, डिंक सुकेपर्यंत श्वास रोखायचा, सगळं तेच.

तेव्हा ताईला जे क्लासी वाटतंय त्याच्या मुळाशी एक गोदामातला माणूस आणि डिंकाने हात बरबटलेली शाळकरी पोरं आहेत. सोसायटीची कमिटी कुठेच नाही.

ताईचा पुढचा मेसेज होता, 'पण त्या लोकांना रंगाचं भान आहे.' असेल. स्वीडनच्या खेड्यांतली लाल घरं तिला फार आवडतात, तिच्या फोनच्या वॉलपेपरवर एक होतं. तो लाल रंग फालूनच्या तांब्याच्या खाणीतल्या मातीचा. श्रीमंतांची घरं विटांची असत, म्हणून लाकडी घरांनाही विटांचा आव आणायला लोक तो फासू लागले. आपल्याकडे कुणी फ्लॅटला राजवाड्यासारखी कमान काढली तर त्याला आपण शोबाज म्हणतो. इथल्या शोबाजीला तीन-चारशे वर्षं झाली, म्हणून ती आता अभिरुची.

शिवाय मी न पाठवलेलेही फोटो आहेत. नदीपलीकडे, हिसिंगेनवर, एक गृहस्थ डिसेंबरभर आपल्या बंगल्याचं काय करून ठेवतात ते ताईने बघायला हवं. छपरावर निळे रेनडिअर, कुंपणभर लुकलुकणाऱ्या लाल-हिरव्या माळा, दारात फुगणारा आणि वारा आला की आडवा होणारा सांताक्लॉज. शेजारी नाकं मुरडतात. आणि संध्याकाळी त्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, कारण गावातल्या समस्त पोरांना तेच घर बघायचं असतं. शांत पिवळ्या त्रिकोणाकडे बोट दाखवून 'बाबा, थांबव ना' म्हणणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

साताऱ्यात आमच्या वाड्यात नऊ बिऱ्हाडं होती आणि नऊ कंदील. त्यातले दोन एकसारखे कधीच नसायचे. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचं विमान असायचं, त्याला पंखेही होते. कोपऱ्यातले शिंपीकाका कागद वापरतच नसत. वर्षभराच्या शिलाईतून उरलेले तुकडे, ब्लाउजपीसच्या कडा, अस्तराचा सॅटिन, असं सगळं जोडून ते कंदील शिवायचे. दिवा लागला की वाड्यातल्या बायका खालून ओळखायच्या, 'तो मोरपंखी माझा, गेल्या श्रावणातला.' गावातल्या अर्ध्या लग्नसमारंभांचा हिशेब त्या कंदिलात होता.

आमचा बाबा करायचे. कामट्या आदल्या रात्री भिजत घालायच्या, सकाळी दोऱ्याने बांधायच्या, आई मैद्याची खळ शिजवून द्यायची. पतंगाचा कागद चिकटवताना बाबांची जीभ दातांत असायची. करंज्या कापायचं काम ताईचं. कागदाच्या घड्या घालून एका कात्रीत दहा करंज्या काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे ती आता विसरली आहे. एवढं सगळं करून कंदील दरवर्षी डावीकडे कलायचा. सहा कामट्यांपैकी एक कुठेतरी अर्ध्या बोटाने कमी पडायची. बाबा दोरी मागेपुढे करून बघायचे, मग म्हणायचे, 'राहू दे, लांबून सरळ दिसतो.' लांबूनही दिसायचा नाही. पण शेवटच्या एसटीने उतरून अंधारात येणाऱ्या मामाला चौकातूनच कळायचं, आपलं घर कुठलं ते.

बाणेरच्या चार टॉवरांत त्या मामाने काय करायचं? वॉचमनला फ्लॅट नंबर सांगायचा. ठीक आहे, आता सगळेच सांगतात.

मला काय उत्तरं मिळणार ते ठाऊक आहे. मिळालीच आहेत. 'तू तिकडे बसून आम्हाला दिवाळी शिकवू नकोस.' 'परदेशातल्या लोकांना इथलं सगळं त्यांनी सोडलं तेव्हा होतं तसंच हवं असतं.' 'कामट्या बांधायला वेळ कुणाला आहे?' यातलं दुसरं खरं आहे आणि ते मला लागलं, म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही. वेळेचं म्हणाल तर कुणी घरी करा म्हणत नाहीये. माहीमच्या कंदील गल्लीत जा, पुण्यात बोहरी आळीत जा, दीडशे तऱ्हेचे मिळतील. विकतचा आणा, पण आपण निवडून आणा. आवडला म्हणून आणलेला भडक कंदील मला कमिटीने मंजूर केलेल्या देखण्या कंदिलापेक्षा बरा वाटतो, बस्स.

ताईची एक तक्रार मात्र रास्त आहे. समोरच्या टॉवरवरची एलईडीची माळ गेल्या वर्षी रात्रभर तिच्या सासूबाईंच्या डोळ्यांवर लुकलुकत होती. मग अकराला सगळे दिवे बंद, एवढाच नियम करा. २०१८ मध्ये सरकारने थर्माकोलवर बंदी आणली तेव्हा गणपतीच्या मखरांचं आता कसं होणार म्हणून केवढी ओरड झाली. लोकांनी पुठ्ठा, कापड, बांबू शोधून काढले, आणि मखरं पूर्वीपेक्षा बरी दिसायला लागली. कारण बंदी एका वस्तूवर होती. सोसायटीची बंदी हौसेवर आहे, तिच्यातून माणूस वाट काढणार ती कुठून?

आता इथल्या दिवाळीबद्दल सांगतो, कारण दाजींनी विचारलंय, 'तू तुझ्या बाल्कनीत काय लावतोस ते तरी दाखव.'

२०२४ मध्ये पाडवा २ नोव्हेंबरला होता. शनिवार. त्याच दिवशी इथे आल्हेल्गोना, सर्व संतांचा दिवस होता. त्या संध्याकाळी सगळं गाव कबरस्तानात जाऊन आपल्या माणसांच्या कबरींवर दिवे लावतं. मी रस्त्याकडच्या बाल्कनीच्या कठड्यावर पणत्या मांडल्या. वारा होता, म्हणून प्रत्येक पणती जॅमच्या रिकाम्या बरणीत ठेवली. थोड्या वेळाने दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. कधी बेल वाजवत नाहीत, भेटल्या की हवेबद्दल बोलतात आणि जातात. त्यांनी माझा हात धरला आणि हळूच विचारलं, 'तुमच्याकडचं कोण गेलं?'

मी दिवाळीचं सांगितलं असतं. शब्द तयार होते, ऑफिसात दरवर्षी सांगतो, रामापासून लक्ष्मीपर्यंत पाच मिनिटांत. पण तोंडातून आलं, 'वडील.' ते खोटंही नव्हतं, बाबा त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात गेले होते. त्या आत येऊन बसल्या, कॉफी प्यायल्या, नवऱ्याबद्दल बोलल्या. तो मालवाहू बोटीवर होता आणि मुंबई बंदरात त्याने केळी खाल्ली होती. इतक्या वर्षांत या इमारतीतलं कुणी आमच्या घरात एवढा वेळ बसलं नव्हतं. टेबलावर चकल्या होत्या, त्यांनी दोन खाल्ल्या. त्या कशाबद्दल आहेत ते मी सांगितलं नाही.

तेव्हापासून पणत्या आतल्या बाजूला लागतात. कंदीलही. आमच्याकडे कंदील आहे, दाजी, रंगीत आहे, गुलाबी आणि पोपटी, करंज्या लावलेला. मुलीने आणि मी केला. तो स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे आणि ती खिडकी मागच्या अंगणाकडे उघडते, जिथे सायकली आणि कचऱ्याचे डबे असतात. रस्त्याकडच्या खिडकीत अॅडव्हेंटला सात दिव्यांचा त्रिकोण लावतो. खोक्याच्या तळाशी चीनचं नाव आहे, बाकी तो शेजाऱ्यांच्याइतकाच स्वीडिश. पहिल्या वर्षी आमची खिडकी काळी होती आणि त्या रांगेत ती दात पडल्यासारखी दिसायची. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या वर्षी घेऊन आलो.

मुलगी मागच्या वर्षी म्हणाली, 'कंदील पुढे लावू या ना, रस्त्यावरून दिसेल.' मी म्हटलं, तिथे प्लग नाही. प्लग आहे. त्रिकोण त्यालाच जोडलेला असतो.

ताईच्या सोसायटीची सभा या रविवारी आहे. तिथे मला मत नाही, हे तिने दोनदा बजावून सांगितलंय, आणि बरोबरच आहे तिचं. आमच्या इमारतीची वार्षिक सभा मे महिन्यात होते. तिथे मला मत आहे, दरवर्षी जातो, कॉफी आणि दालचिनीचा बन घेऊन मागच्या रांगेत बसतो, सगळे 'या', म्हणजे 'हो', म्हणतात तेव्हा 'या' म्हणतो. ठराव मांडायचा असेल तर जानेवारीअखेर लेखी द्यावा लागतो. मुलीने विचारलं, मग कंदिलाचा का नाही मांडत? काय लिहिणार त्यात? पुढच्या खिडकीत काय लावायचं यावर इथे बंदी कुणी घातलेलीच नाही.