'माया' आपल्याकडूनच जगभर गेली?

एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. थोडक्यात असा: 'माया हे शुद्ध संस्कृत नाव. ग्रीसची मैया, मे महिना, मेक्सिकोकडची माया संस्कृती, युरोपातल्या असंख्य माया, सगळ्यांचं मूळ एकच. मात्र अर्थ भ्रम असल्यामुळे मुलीला हे नाव देऊ नये.' म्हणजे आधी छाती फुगवायची आणि लगेच त्याच नावाला नाक मुरडायचं.

युरोपातल्या माया आधी घेऊ. स्वीडन, जर्मनी, पोलंडमध्ये हे नाव रोमन लिपीत एम-ए-जे-ए असं लिहितात. तिथे 'जे'चा उच्चार 'य', म्हणून आपल्याला 'माया' ऐकू येतं. स्वीडनमध्ये हे मारियाचं घरगुती रूप. फिनलंडची 'माइया'ही मारियाचीच. मारिया मिर्यामवरून, म्हणजे हा माग हिब्रूकडे जातो. तीच चार अक्षरं स्पेनमध्ये वाचली तर 'माखा' होतात, आणि ते नाव नव्हे, 'छान, गोड बाई' अशा अर्थाचा साधा शब्द आहे. कानाला सारखं लागलं की नातं जुळवायचं, ही खोड इथेच फसते.

ग्रीक मैया ही हर्मीस या देवाची आई. कृत्तिकांच्या झुबक्यात तिच्या नावाचा तारा आहे. ग्रीकमध्ये 'मैया' म्हणजे आई, दाई, सुईण; बाळाच्या तोंडच्या 'मा'मधून आलेला शब्द. संस्कृत 'माया' साधारणपणे 'मा' म्हणजे मोजणे, घडवणे या धातूकडे नेतात. मे महिन्याचा संबंध रोमन देवी मायाशी लावतात. तिचं नाव लॅटिनमधल्या 'मोठं' अर्थाच्या शब्दांच्या कुळातलं मानतात, आणि ग्रीक मैयाशी तिची सांगड नंतर घातली गेली.

माया संस्कृतीबद्दल फार लिहायला नको. तो मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पातल्या लोकांचा स्वतःचा शब्द, मायापान हे तिथलंच जुनं शहर.

इस्रायलमध्ये माया हे नाव लोकप्रिय आहे; तिथे ऐकणाऱ्याला 'मायिम' म्हणजे पाणी आठवतं. सोव्हिएत काळात ते एक मेच्या कामगार दिनाशी जोडलं गेलं. (बॅले नर्तकी माया प्लिसेत्स्काया मात्र जन्मली नोव्हेंबरात, १९२५ साली.) अमेरिकेच्या कवयित्री माया अँजेलो यांचं जन्मनाव मार्गरिट. त्यांचा मोठा भाऊ लहानपणी धाकट्या मार्गरिटला इंग्रजीत 'माय सिस्टर' म्हणजे 'माझी बहीण' म्हणायचा, त्या बोलण्यातून झालं 'माया'. यात संस्कृतही नाही आणि ग्रीकही नाही, एका पोराचे बोबडे बोल आहेत.

मग संस्कृत माया बाहेर गेलीच नाही का? गेली की! पण फॉरवर्डवाल्याने जिकडे पाहिलंच नाही तिकडे: पूर्वेला, बुद्धाची आई मायादेवी म्हणून. जपानमध्ये कोबेजवळ माया नावाचा डोंगर आहे, तिथल्या देवळातल्या मायादेवीवरून. त्या डोंगराचं नाव पुढे एका युद्धनौकेला दिलं आणि ती १९४४ साली बुडाली. बुद्धाच्या आईचं नाव तोफांवर! तरी आजच्या प्रत्येक जपानी मायाचा संबंध तिच्याशी लावू नये. तिथे उच्चार ठेवून हवी ती चिनी अक्षरं निवडता येतात, आणि अर्थ अक्षरांप्रमाणे बदलतो. पश्चिमेतही एक खरं उदाहरण आहे. कीवमध्ये जन्मलेल्या एलेओनोरा डेरेन्कोव्स्काने १९४३च्या सुमारास जाणूनबुजून 'माया' हे नाव घेतलं आणि माया डेरेन म्हणून प्रायोगिक चित्रपट केले. बुद्धाची आई आणि भ्रम, दोन्ही अर्थ त्यात होते. पडद्यावर आभास उभे करणाऱ्या बाईला याहून चपखल नाव कुठलं मिळणार?

राहिला 'अर्थ भ्रम, म्हणून नको' हा मुद्दा. ऋग्वेदात 'इन्द्रो मायाभिः पुरुरूप ईयते' असं आहे. मायेच्या बळावर इंद्र अनेक रूपं घेतो. तिथे माया म्हणजे अद्भुत सामर्थ्य. जग म्हणजे भ्रम हा भर पुढे वेदान्ताने दिला. नेपाळीत माया म्हणजे प्रेम. आणि मराठीत? आजी माया करते, लबाड माणूस माया जमवतो, शिंपी शिवणीत दोन बोटं माया ठेवतो, पुढे अंगात बसेना झालं तर उसवून सैल करता यावं म्हणून.