शनवार तेल्यांचा शेजार : एका आक्षेपाला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या बेने इस्रायलींवरच्या, म्हणजे तिथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजावरच्या माझ्या लेखात मी शेजाराचे गोड चित्र रंगवले, गावाने त्यांना जातीच्या उतरंडीत बसवले हे वगळले, ते टिकले ते केवळ हिंदूंसारखे झाल्यामुळे, आणि शेजार इतका चांगला होता तर १९४८ साली इस्रायल स्थापन झाल्यानंतर ते तिकडे गेले का, असे आपले म्हणणे आहे.

उतरंडीबद्दलचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून पडलेले ‘शनवार तेली’ हे नाव मी कौतुकाने सांगितले. पण त्यातला ‘तेली’ हा शब्द गावातली त्यांची पायरीही ठरवत होता, हे लिहायला हवे होते. त्यांच्यातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता आणि त्या दोघांत बेटीव्यवहार टाळला जाई.

मात्र ते हिंदूंसारखे झाले, हे मला पटत नाही. जिथे कोळंबी आणि खेकडे रोजच्या जेवणातले, त्या किनाऱ्यावर खवले नसलेला मासा ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वर्ज्य मानला, सुंता आणि शनिवार सोडला नाही, त्यांनी आपले वेगळेपण नीट राखले होते. घेतले तेही मोकळेपणाने : पेणकर, नवगावकर ही गावांवरून आडनावे, घरात मराठी, एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाने होणाऱ्या मालिदा या विधीत पोहे आणि खोबरे. प्रार्थनालयाला तर ते ‘मशीद’च म्हणत, सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत १७९६ साली बांधलेल्या अशाच मशिदीवरून मशीद स्थानकाला नाव मिळाले.

ते गेले, पण कोणी हाकलले म्हणून नव्हे. नव्या राष्ट्राची ओढ होती, धर्माची होती, आणि तिथे पोचल्यावर तिथल्या ज्यू धर्मपीठाने विवाहाच्या वेळी त्यांच्या वंशावळीवर शंका घेतली, तेव्हा त्यांना आंदोलन करावे लागले. १९६४ साली त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. आपल्या गावांनी त्यांची जात विचारली, हा दोष खराच, पण त्यांच्या यहुदीपणाचा पुरावा मागितला नाही. याच फरकाला मी शेजार म्हणतो, आणि तो मला आजही मोलाचा वाटतो.

मूळ लेखात उतरंडीचा परिच्छेद मी या आठवड्यात घालतो. आपल्या आजोळी असा घाणा होता असे आपण लिहिले आहे. त्या घरी पाण्याचा व्यवहार कसा होता, हे आठवत असेल तर जरूर कळवावे.