मत्तय आणि शिमोन एकाच बाकावर

सलाम मंडळी,

निवडणूक होऊन किती महिने झाले, आमच्या घरातली मात्र अजून संपलेली नाही. बाबा एका पक्षाचे, धाकटे काका दुसऱ्या. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका रात्री जुंपली आणि काका ग्रुप सोडून गेले. चर्चमध्ये दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसतात.

लहानपणी भक्ती सुटली की हेच दोघं आम्हाला सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी न्यायचे. 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेल्या चौघांची नावं बाबा आमच्याकडून म्हणवून घ्यायचे: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. ती नावं आजही त्यांच्या ओठांवर आहेत. सख्ख्या भावाचं नाव मात्र घेत नाहीत.

दोघंही म्हणतात, मी ख्रिस्ती माणसासारखंच मत दिलं. मला सगळ्यात जास्त हेच लागतं.

परवा बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायातली येशूच्या बारा प्रेषितांची यादी वाचत होते. नेहमी भरभर वाचून पुढे जाते, या वेळी थांबले. मत्तय, रोमी अमलातल्या जकातनाक्यावरून उठून आलेला, म्हणून लोकांच्या लेखी फितूर. आणि शिमोन, ज्याला जिलोत म्हणत. काही अभ्यासक त्याचा अर्थ नुसता 'आवेशी' असा लावतात, पण मला तो रोमी सत्तेविरुद्ध पेटलेलाच वाटतो. हे दोघं एका ताटात जेवले! कोण बरोबर, याचा निवाडा प्रभूने केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. शेवटच्या रात्री त्याने शिष्यांचे पाय धुतले, त्यात हे दोघंही होते. आणि पुनरुत्थानानंतर माडीवरच्या खोलीत प्रार्थनेला बसलेल्यांत दोघांचीही नावं आहेत. प्रेषितांची कृत्ये, अध्याय पहिला. एवढ्यावर माझी आशा टिकून आहे.

म्हणून अन्याय दिसला तरी गप्प बसा, असं मी म्हणत नाही. नाथान संदेष्टा दावीद राजाला तोंडावर बोललाच होता. मत द्या, मोर्चात जा, जाब विचारा. पण निकालाच्या दिवशी ज्याची आशा मावळली, त्याने ती कुठे ठेवली होती हे एकदा बघावं. मीही बघतेय.

गेल्या रविवारी प्रभुभोजन होतं, प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. प्याल्यांचं ताट बाबांपर्यंत आलं. बाकाचा मधला भाग रिकामा, त्यामुळे त्यांना सरकत काकांपर्यंत जावं लागलं. काकांचा हात थरथरत होता. त्यांनी प्याला उचलेपर्यंत बाबांनी ताट दोन्ही हातांनी धरून ठेवलं. बोलले काहीच नाहीत. पण उपासना संपेपर्यंत बाबा आपल्या टोकाला परत गेले नाहीत.