काढलेल्या पोरांना नावं ठेवण्याआधी

दिवाळीपासून आमच्या दारव्हा तालुक्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे. माझ्याकडे तो चार ठिकाणांहून आला, त्यातला एक भावकीच्या ग्रुपवरून. मजकूर थोडक्यात असा: मोठ्या कंपन्यांनी हजारो इंजिनिअर घरी बसवले. जे कामाचे होते ते टिकले, फुकटचा पगार घेणारे गेले. आता सगळं काम एआय करतं, म्हणून पोरांना कॉम्प्युटर शिकवून पैसा वाया घालवू नका. ज्यांनी लाखोंची पॅकेजं खाल्ली त्यांनी आता रडू नये, गावात यावं, बापाचं वावर करावं. आपल्या कास्तकाराला याच्याशी काही घेणंदेणं नाही.

एरवी मी तो पुसून टाकला असता. पण माझ्या थोरल्या भावाची मुलगी पुण्यात सहा वर्षं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करत होती आणि दिवाळीच्या पंधरा दिवस आधी तिला काढलं. ती घरी आली त्याच आठवड्यात ओट्यावर बसलेल्या एका बाईनं माझ्या वहिनीला ऐकवलं, "काहीतरी केलं असंन तिनं. उगाच कोन काढते?" वहिनी त्या रात्री जेवली नाही. म्हणून या मजकुरातला एकेक दावा घेऊन उत्तर देतो आहे.

"जे कामाचे होते ते टिकले." सगळ्यात जास्त पसरलेला आणि सगळ्यात जास्त घाव करणारा दावा हाच. तर काढणाऱ्यांनी स्वतः काय सांगितलं ते आधी बघा. २०२२ च्या नोव्हेंबरात मेटानं, म्हणजे फेसबुक आणि व्हॉट्सॲपच्याच मालक कंपनीनं, ११,००० माणसं काढली. तेव्हा कंपनीचे प्रमुख झुकरबर्ग यांनी लिहिलं, की कोरोनात वाढलेला ऑनलाइन व्यवहार तसाच वाढत राहील असं धरून आम्ही खर्च वाढवला, तो अंदाज चुकला, जबाबदारी माझी. २०१९ च्या अखेरीस त्या कंपनीत ४५,००० च्या आसपास माणसं होती, २०२२ च्या सप्टेंबरात ८७,००० च्या वर. तीन वर्षांत जवळपास दुप्पट भरती कुणी केली? काढलेल्या पोरांनी नाही. गूगलनं २०२३ च्या जानेवारीत १२,००० जणांना काढलं, तेव्हा तिचे प्रमुख सुंदर पिचाई यांनीही हेच सांगितलं, की आम्ही भरती केली तेव्हाची आर्थिक परिस्थिती वेगळी होती. अमेरिकेत व्याजदर शून्याजवळ होते तोवर भरती करणं स्वस्त होतं. पुढे दर चढत २०२३ च्या मध्यापर्यंत सव्वापाच टक्क्यांच्या वर गेले आणि गुंतवणूकदार खर्च कमी करा म्हणून मागे लागले.

कंपनी बुडत होती म्हणून नाइलाज झाला, असंही नाही. मायक्रोसॉफ्टनं २०२३ च्या जानेवारीत १०,००० माणसं कमी करायचं जाहीर केलं आणि त्याच आर्थिक वर्षात ७२ अब्ज डॉलर नफा मिळवला. आपल्याकडे टीसीएस या मोठ्या आयटी कंपनीनं २०२५ च्या जुलैत सुमारे १२,००० जणांना कमी करणार म्हणून सांगितलं. त्याच्या लगेच आधीच्या तिमाहीत कंपनीचा नफा १२,७६० कोटी रुपये होता. जाणाऱ्यांत बहुतेक मधल्या आणि वरच्या फळीतली, म्हणजे वर्षानुवर्षं बढत्या मिळवत गेलेली माणसं होती. नालायक होती तर बढत्या कशाच्या मिळाल्या?

कुणी म्हणेल, मेटानं २०२५ मध्ये कामगिरी कमी म्हणूनच लोक काढले. खरं आहे. पण तिथेही सुमारे पाच टक्के लोक काढायचे, हा आकडा आधी ठरला आणि त्यात बसवायची नावं नंतर शोधली. वर्गातली पाच टक्के पोरं नापास करायचीच असं ठरवून गुरुजी पेपर तपासायला बसले, तर त्या निकालाला आपण निकाल म्हणू का?

पुतणीच्या बाबतीत तर कामाचा प्रश्नच निघाला नव्हता. ती ज्या परदेशी गिऱ्हाइकाचं काम करत होती त्यानं करार गुंडाळला, आणि ती बेंचवर आली. बेंच म्हणजे नोकरी आहे, पगार आहे, पण हाताला प्रोजेक्ट नाही. आता बेंचवरचे दिवस मोजले जातात. टीसीएसनं २०२५ च्या जूनमध्ये नियमच केला, की वर्षातले २२५ दिवस तुमच्या कामाचं बिल गिऱ्हाइकाला लागलं पाहिजे आणि बेंचवर ३५ दिवसांपेक्षा जास्त राहता येणार नाही. पुतणीची कंपनी वेगळी, पण रीत तीच. गिऱ्हाईक आणायचं काम तिचं नव्हतं, गिऱ्हाईक गेल्याची शिक्षा मात्र तिला झाली.

आपल्या भागात हे कळायला अवघड जाऊ नये. २०२१ च्या ऑगस्टात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं होतं. मग दिल्लीहून १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी मिळाली, आणि आपला माल बाजारात येईस्तोवर भाव निम्म्यावर आला. त्या दोन महिन्यांत आपली मेहनत निम्मी झाली होती का? तेव्हा शहरातली माणसं टीव्हीवर म्हणायची, की शेतकऱ्याला नियोजन जमत नाही, लग्नात पैसा उडवतो, दारू पितो. आपल्या जिल्ह्यातल्या ज्या घरांतून कर्ता माणूस गेला, त्या घरांनाही हेच ऐकवलं गेलं. ते शब्द किती लागतात हे यवतमाळला कुणी सांगायला नको. मग आज तेच शब्द आपण आपल्याच पोरांसाठी कसे वापरतो?

"आता सगळं काम एआय करतं." यात थोडं खरं आहे, म्हणून नीट वेगळं करून सांगतो. चॅटजीपीटी, म्हणजे विचारलं की लिहून उत्तर देणारं एआय, लोकांसमोर आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. ट्विटरनं जवळपास निम्मी माणसं काढली आणि मेटानं ११,००० काढली, ती त्याच महिन्याच्या सुरुवातीला. जे यंत्र अजून बाजारात आलं नव्हतं त्यानं त्या नोकऱ्या खाल्ल्या असं कसं म्हणणार? टीसीएसच्या प्रमुखांनी २०२५ ची कपात एआयमुळे नाही असं सांगितलं. ॲमेझॉननं २०२५ च्या ऑक्टोबरात १४,००० कार्यालयीन नोकऱ्या कमी केल्या, तेव्हा प्रमुख अँडी जॅसी यांनीही निदान सध्या तरी कारण एआय नाही असं म्हटलं. याच जॅसींनी त्याच्या चार महिने आधी, पुढे एआयमुळे आमची कार्यालयीन माणसं कमी होतील, असं लिहिलं होतं.

म्हणजे धोका आहेच. साधा कोड लिहिणं, तपासणी करणं, गिऱ्हाइकाच्या ठरावीक प्रश्नांना उत्तरं देणं ही कामं यंत्रं करू लागली आहेत, आणि नव्यानं लागणाऱ्या पोरांना नेमकी हीच कामं मिळायची. मला त्याची काळजी वाटते. शिवाय या कंपन्या एआयसाठी लागणाऱ्या डेटा सेंटरवर अफाट पैसा ओतत आहेत आणि तो पैसा पगारातूनही वाचवत आहेत. पण यंत्रानं माणसाचं काम केलं म्हणून माणूस गेला, आणि यंत्र घ्यायला पैसा हवा म्हणून माणूस गेला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीत त्या माणसाचं शिक्षण वाया गेलं असं ठरत नाही.

"लाखोंची पॅकेजं खाल्ली." गावात आकडा येतो तो वर्षाचा, आणि तोही फुगवून. मोठ्या भारतीय आयटी कंपन्यांत नव्या इंजिनिअरचा पगार दहा-बारा वर्षं वर्षाला तीन-साडेतीन लाखांच्या आसपासच अडकून आहे, आणि तेवढ्या वर्षांत पुण्यातलं खोलीभाडं, मेस, बसभाडं सगळं वाढत गेलं. पुतणी २०१९ ला लागली तेव्हा हातात चोवीस हजार यायचे. त्यातून शैक्षणिक कर्जाचा हप्ता जायचा. सहा वर्षांनी, काढलं तेव्हा, बावन्न हजार येत होते. चांगला पगार आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो खाल्ला कुणी, ते शेवटच्या दाव्यात सांगतो.

अमेरिकेत गेलेल्यांचं वेगळं. तिथे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली की दुसरी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात, नाहीतर घर मोडून, पोरांची शाळा सोडवून देश सोडायची तयारी. असं एक घर आमच्याही नात्यात आहे. त्यांना रडू नका म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

"रडू नये" याबद्दल मात्र थांबून बोलायचं आहे. रडण्याआधी या पोरांनी काही कागद बघायला हवेत आणि ते त्यांना कुणी सांगत नाही. पुतणीला वीस मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर सांगितलं, की आजच राजीनामा टाक, म्हणजे रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून रीतसर सुटल्याचं पत्र) स्वच्छ मिळेल, नाहीतर काढून टाकल्याची नोंद होईल. घाबरून तिनं त्याच दुपारी राजीनामा टाकला. संध्याकाळी मला फोन केला, "काकाजी, मी सही करून टाकली." इथेच पोरं फसतात. आधीच्या औद्योगिक विवाद कायद्यात, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही, वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून. राजीनामा लिहून दिला की कंपनी म्हणते, आम्ही कुठे काढलं, तीच गेली.

कंपन्या आणखी एक सांगतात, की इंजिनिअर हा कामगारच नाही. कायद्याच्या व्याख्येत तांत्रिक काम येतं, आणि हुद्द्याचं नाव काय यापेक्षा माणूस प्रत्यक्षात काय काम करत होता हे कोर्ट बघत आलं आहे. "असोसिएट मॅनेजर" अशी पाटी दिली आणि हाताखाली एकही माणूस नाही, तर तो व्यवस्थापक कसा? कायद्याची उणीवही सांगतो. कपातीआधी सरकारची परवानगी घ्यायचं बंधन मोठे कारखाने, खाणी आणि मळ्यांना आहे, आयटी कंपन्यांना नाही. म्हणून एका सकाळी हजारो जणांचे लॉगिन बंद होऊ शकतात. पण परवानगी लागत नाही म्हणून भरपाईही लागत नाही, असं नाही. पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांवर मिळणारी एकरकमी रक्कम, राजीनामा दिला तरी मिळते. पुतणीला हेही ठाऊक नव्हतं. पुण्यात नाइट्स नावाची आयटी कर्मचाऱ्यांची संघटना अशा तक्रारी कामगार खात्यापर्यंत नेते. सहीआधी एक दिवस मागून घ्या, आलेली प्रत्येक मेल स्वतःच्या पत्त्यावर पाठवा किंवा फोटो काढून ठेवा, राजीनाम्यासाठी तगादा लावला तर तो लेखी मागा. आमच्या घरी हे उशिरा कळलं, तुमच्या घरी वेळेत कळावं.

आता शेवटचे दोन दावे, आणि ते एकमेकांना धरूनच आहेत. "गावात यावं, वावर करावं" आणि "कास्तकाराला घेणंदेणं नाही." भावाचं सात एकर कोरडवाहू. २०२४ च्या हंगामात एकरी पाच क्विंटल सोयाबीन झालं. हमीभाव ४,८९२ होता, दारव्ह्याला आमच्या मालाला मिळाले ४,१००. एकरी साडेवीस हजार आले. बियाणं, खत, दोन फवारण्या, निंदण, सोंगणी, मळणी धरून साडेसतरा हजार गेले. उरले एकरी तीन हजार, सात एकरांचे एकवीस हजार. त्यात घरच्या माणसांची मजुरी धरलेली नाही. तूर वेगळी, पण ती धरूनही वर्षाचं जे उरतं ते पोरीच्या दोन महिन्यांच्या पगाराइतकं होत नाही. यंदा तर ऑगस्टच्या पावसानं निम्मं वावर पाण्यात बसलं. या सात एकरांवर आणखी एक माणूस आणून बसवला तर पीक वाढणार नाही, ताटं वाढतील.

पगार खाल्ला कुणी, ते हे. दर महिन्याला पंधरा हजार ती घरी पाठवायची. त्यातून बोअरची मोटर आली, भावाच्या शुगरच्या गोळ्या आल्या, धाकटीची अकरावी-बारावीची फी भरली. आणि दर मार्चमध्ये पीककर्ज नवंजुनं करायला तिचेच पैसे लागायचे. ३१ मार्चच्या आत भरलं तर तीन लाखांपर्यंत शून्य टक्के व्याज, तारीख चुकली की सवलत गेली आणि खातं थकीत. पुण्यात एका मुलीचं लॉगिन बंद झालं आणि इथे भावाला मार्चची धास्ती लागली आहे. गावातली किती घरं अशी चालतात ते मोजून बघा. माझ्या गल्लीतच तीन आहेत, आणि त्यातल्या एका घरातून हा मजकूर मला आला होता.

त्या मजकुरामुळे भावानं धाकटीचा सीईटी या प्रवेश परीक्षेचा फॉर्म अडवून धरला होता. "थोरलीचं काय झालं ते पायलं ना," एवढंच म्हणायचा. वर लिहिलेलं सगळं मी त्याला दोन संध्याकाळ बसून सांगितलं, थोरली शेजारी होती. तिला अजून नोकरी मिळालेली नाही, ग्रॅच्युइटीचा अर्ज तिनं पाठवला आहे, कंपनीचं उत्तर आलेलं नाही. धाकटीचा फॉर्म मात्र मागच्या शुक्रवारी थोरलीनंच भरला.