गोव्याला ऑर्डर मिळाली म्हणून टाळ्या वाजवण्याआधी

वास्कोच्या यार्डाला, म्हणजे सरकारी गोवा शिपयार्डला, नवी जहाजं बांधायला मिळाल्याची बातमी आली की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, नोकऱ्या किती? प्रश्न रास्तच आहे, मुरगाव तालुक्यातली कितीतरी घरं त्या यार्डावर चालतात. पण संरक्षणाचा पैसा आधी नौदलाच्या गरजेसाठी असतो. घोषणा आधी आणि हिशेब नंतर असं झालं की काय होतं, ते पाहायला गोव्याबाहेर जावं लागत नाही.

सुरुंगशोधक जहाजांचंच घ्या. समुद्रतळावरचा सुरुंग वरून जाणाऱ्या जहाजाचं चुंबकीय क्षेत्र, आवाज किंवा पाण्याच्या दाबातला फरक ओळखून फुटतो. त्यामुळे त्याला शोधायला जाणारं जहाज साध्या पोलादाचं चालत नाही. सांगाडा बहुतेक वेळा काचतंतू आणि रेझिनचा, यंत्रं कमीत कमी चुंबकीय, आवाज शोषणारी बैठक, तळ न्याहाळणारं सोनार, आणि सुरुंगाजवळ पाठवायचं दूरनियंत्रित यान. असा सांगाडा बांधायला तापमान आणि आर्द्रता काटेकोर राखणारी बंद शेड लागते. आपल्या जून-जुलैच्या हवेत हे काम उघड्यावर केलं तर थरांत ओल अडकते, थर एकमेकांना धरत नाहीत, आणि हा दोष वरून दिसतही नाही.

नौदलाकडे सोव्हिएत बनावटीची अशी १२ जहाजं होती, १९७८ ते १९८८ दरम्यान आलेली. ती म्हातारी होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. २००८ मध्ये ८ जहाजांची निविदा निघाली, कोरियाची कांगनाम कंपनी सर्वांत स्वस्त ठरली, आणि दलाल नेमल्याच्या तक्रारींवरून २०१४ मध्ये सगळं रद्द झालं. २०१५ मध्ये १२ जहाजांचं, सुमारे ३२,००० कोटींचं काम गोवा शिपयार्डला नामनिर्देशनाने, म्हणजे निविदा न काढता थेट, देण्यात आलं. संरक्षणमंत्री तेव्हा मनोहर पर्रीकर होते. गोव्यात आनंद झाला, मोठ्या बातम्या झाल्या, यार्डाने शेकडो कोटी खर्चून सोयीही उभारल्या. तंत्रज्ञान पुन्हा कांगनामकडूनच यायचं होतं. किती तंत्रज्ञान, कोणत्या अटींवर, किती किमतीला, हे मात्र ठरलेलं नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये बोलणी मोडली. १३ एप्रिल २०१९ रोजी शेवटचं 'आयएनएस कोझिकोड' निवृत्त झालं आणि नौदलाकडे एकही सुरुंगशोधक जहाज उरलं नाही. बंदराच्या तोंडाशी सुरुंग टाकल्याची नुसती शंका आली तरी जहाजं आत यायची थांबतात. मुरगाव असो की न्हावाशेवा, हे सगळ्या बंदरांना लागू आहे.

माझ्या मते चूक यार्ड निवडण्यात नव्हती, आधीच्या योजनेतही बहुतेक जहाजं वास्कोतच बांधायची होती. दुसरा पर्याय सोडून दिल्यावर सौदा करायला बसलो, ही चूक. समोरच्याला कळतं की तुम्हाला दुसरं दार नाही, मग तो किंमत कशाला उतरवेल? यार्डातल्या कामगारांना दोष देणाऱ्यांनी तटरक्षक दलाची 'सचेत', 'सजग', 'सार्थक' ही गस्ती जहाजं पाहावीत. आराखडा यार्डाचा स्वतःचा, गरज आधी पक्की, आणि जहाजं वेळापत्रकाच्या आत पाण्यात.

आता दाबोळी. १९ फेब्रुवारी २०१० रोजी नौदलाच्या तिथल्या हंसा हवाई तळावर विमानवाहू नौकेसाठीची पहिली रशियन मिग-२९के लढाऊ विमानं दाखल झाली. त्यानंतर महिनाभरातच, १२ मार्चला, पुतिन दिल्लीत आले असताना आणखी २९ विमानांचा करार झाला. पहिल्या करारातल्या १६ विमानांचा अनुभव गोळा व्हायलाही वेळ दिला नाही. त्याच भेटीत गोर्शकोव्ह या रशियन विमानवाहू नौकेची (आताची 'विक्रमादित्य') किंमतही वाढवून मान्य झाली, २००४ च्या ९७.४ कोटी डॉलरवरून सुमारे २३५ कोटी डॉलरवर. पुढे काय झालं ते कॅगच्या, म्हणजे सरकारी खर्चाचं लेखापरीक्षण करणाऱ्या यंत्रणेच्या, २०१६ च्या अहवालात आहे: एकासनी विमानांची उड्डाणयोग्यता १५.९३ ते ३७.६३ टक्के, आणि ६५ पैकी ४० इंजिनं रचनेतल्या दोषांमुळे सेवेतून काढलेली किंवा नाकारलेली. शंभरातली बासष्ट ते चौऱ्याऐंशी विमानं हँगरात उभी, आणि पैसे पूर्ण शंभराचे. हत्ती दारात बांधताना त्याच्या चाऱ्याचा हिशेब केला नाही की असं होतं. उलट हवाई दलाच्या २०१६ च्या राफेल करारात ७५ टक्के विमानं उड्डाणयोग्य ठेवण्याची हमी विक्रेत्यावर टाकली होती. म्हणजे मनात आणलं तर अशी अट घालता येते.

प्रदर्शनांचा खर्च लहान, पण राजकारण त्यात उघड दिसतं. डिफेक्स्पो हे संरक्षण साहित्याचं सरकारी प्रदर्शन दिल्लीच्या प्रगती मैदानात भरायचं. २०१६ मध्ये ते केपे तालुक्यात नाकेरी-बेतुलच्या पठारावर आणलं, गावकऱ्यांनी विरोध केला तरी. मग २०१८ ला चेन्नईजवळ, २०२० ला तेव्हाचे संरक्षणमंत्री राजनाथसिंह यांच्या लखनौ मतदारसंघात, २०२२ ला विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर गांधीनगरला. प्रत्येक वेळी नवे रस्ते, नवे मंडप, नवी वीजजोडणी. हा खर्च कशासाठी? गोव्यात झाला म्हणून मी त्याला वेगळं माप लावणार नाही.

नको असलेली गोष्ट बंद करणंही सोपं नसतं. सैन्याला दूध पुरवणारे लष्करी फार्म १८८९ पासूनचे. डेअरीचं दूध गावोगाव मिळू लागल्यावरही ते चालूच. संरक्षण खर्चाची फेरमांडणी सुचवणाऱ्या शेकटकर समितीच्या शिफारशीनंतर ऑगस्ट २०१७ मध्ये ३९ फार्म बंद करायचं ठरलं, प्रत्यक्षात ते उरकायला ३१ मार्च २०२१ उजाडला.

संरक्षणाचा पैसा वाचवायला निवृत्तिवेतनाला कात्री लावा असं म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. जवानाला दिलेला शब्द ही उधळपट्टी नव्हे. २०२५-२६ च्या ६,८१,२१० कोटींच्या संरक्षण तरतुदीत भांडवली खर्च १,८०,००० कोटी, म्हणजे रुपयातले सव्वीस पैसे. एवढ्यातूनच नवी जहाजं-विमानं यायची, म्हणून बारकाईने बघायचं ते इथे.

जुलै २०२५ मध्ये सुरुंगशोधक जहाजांना पुन्हा 'गरजेची मान्यता' मिळाली. ही मान्यता म्हणजे ऑर्डर नव्हे, हे आधी समजून घ्या. पुढे निविदा, तांत्रिक छाननी, किमतीची वाटाघाटी आणि मोठ्या रकमेसाठी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीची मंजुरी असे टप्पे बाकी असतात. या वेळी गोव्याच्या दोन्ही खासदारांनी लोकसभेत लेखी प्रश्न टाकावेत: तंत्रज्ञान देणाऱ्याशी अटी निविदेआधी ठरल्या का, वीस-पंचवीस वर्षांच्या सुट्या भागांचा आणि दुरुस्तीचा खर्च किमतीत धरला का, जहाज किती दिवस समुद्रात जाण्यायोग्य राहील याची हमी कोण देणार, आणि २०१५ नंतर वास्कोत उभारलेल्या सोयी वापरणार की दुसरीकडे पुन्हा तेवढाच खर्च करणार.