साहेब फोन उचलत नाहीत

ठाण्यात राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत एका बंद पडलेल्या छापखान्याची पायरी आहे, तोच आमचा कट्टा. समोर वहिनींची चहाची गाडी. राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला त्या सोमवारची, १० मार्च २०२५ची ही रात्र. होळी तीन दिवसांवर आली होती, जांभळी नाक्यावरून पिचकाऱ्यांच्या पिशव्या घेऊन माणसं घरी चालली होती आणि आमचा बंड्या तोंड पाडून बसला होता.

बंड्या कार्यकर्ता आहे. पक्ष सांगत नाही. सत्तेत तीन आहेत, त्यातला कुठलाही धरा. नोव्हेंबरात त्यानं चार इमारती आणि एक चाळ अंगावर घेतली होती. स्लिपा वाटल्या, मतदानाच्या दिवशी दोन आज्यांना खुर्चीसकट उचलून बूथवर नेलं. २३ नोव्हेंबरला निकाल लागला तेव्हा हा पठ्ठ्या ढोलापुढे असा नाचला, की त्याच्या घरच्या उशीचे अभ्रे अजून गुलाबी आहेत.

"चौदा वेळा फोन केला," बंड्या म्हणाला. "साहेब उचलत नाहीत. पीए म्हणतो मीटिंगमध्ये आहेत. रात्री साडेदहाला कसली डोंबलाची मीटिंग?"

"दोनशे तीसची मीटिंग," काका म्हणाले.

काका मंत्रालयात वित्त विभागात होते, कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. एकदा आकडे सुरू झाले की त्यांचा चहा गार होतो.

"अरे, २८८ची विधानसभा. बहुमताला लागतात १४५. तुमचे आले १३२ अधिक ५७ अधिक ४१, म्हणजे २३०. मंत्री किती करता येतात? २००३ साली ९१वी घटनादुरुस्ती झाली, तेव्हापासून सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर जाता येत नाही. मुख्यमंत्री धरून ४३. त्यात एखाददुसरा परिषदेतला. उरलेले १८७ जण घरी बसून काय विचार करत असतील? तुझे साहेब त्या १८७त आहेत. तू त्यांना चौदा फोन केलेस, त्यांनी वर चाळीस केले असतील."

"मग महामंडळ द्या ना! पालकमंत्रिपदावरून भांडायला वेळ आहे यांना. रायगड आणि नाशिक दोन महिने लटकलंय."

"मोठा विजय वाईट बाबा," काका म्हणाले. "काठावर आला असतास तर प्रत्येक आमदाराला जपलं असतं. २३० म्हटल्यावर कोण रुसलं काय, कोण हसलं काय. भुजबळांसारख्या माणसाला बाहेर ठेवलं, सरकारचं काय अडलं?"

इथे जर्सीनं तोंड घातलं. हा न्यू जर्सीत सात वर्षं काढून आला म्हणून जर्सी. गाईशी संबंध नाही, असं तो स्वतःच दर वेळी सांगतो, त्यामुळे आम्हाला दर वेळी गाय आठवते.

"मी तिकडे होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. नोव्हेंबर २००६. डेमोक्रॅट्सनी दोन्ही सभागृहं जिंकली. खालच्या सभागृहात २३३ विरुद्ध २०२, वर ५१ विरुद्ध ४९. लोकांनी मतं कशाला दिली होती? इराकमधून सैन्य परत आणा म्हणून. माझ्या शेजारच्या टेबलावर एक जण होता, त्यानं निकालाच्या दुसऱ्या दिवशी अख्ख्या मजल्याला डोनट वाटले. जानेवारीत रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष बुशनं काय जाहीर केलं? आणखी वीस हजारांवर सैनिक पाठवतो!"

"जिंकले हे, आणि सैन्य वाढलं?" वहिनींनी गाळणी हातात धरूनच विचारलं.

"वाढलं. यांनी मग खर्चाच्या विधेयकातच अट घातली, पैसे हवेत तर सैन्य माघारी घ्यायची तारीख द्या. १ मेला बुशनं नकाराधिकार वापरला. तो मोडायला दोन तृतीयांश मतं लागतात. दुसऱ्या दिवशी मतदान झालं, २२२ विरुद्ध २०३. बहुमत यांचंच आणि हरलेही हेच. मेअखेर तारखेची अट गाळून पैसे मंजूर करावे लागले. आमच्या डोनटवाल्यानं गाडीवरचं पक्षाचं स्टिकर नखानं खरवडून काढलं. अर्धंच निघालं."

"आणि मिळालं काय?"

"त्याच विधेयकात किमान वेतन वाढलं. दहा वर्षं ताशी ५.१५ डॉलरवर अडलं होतं, ते टप्प्याटप्प्यानं ७.२५वर गेलं. पण ते कुणाच्या लक्षात? मला एका गोष्टीचं मात्र कौतुक वाटलं होतं. बुशवर महाभियोग चालवा म्हणून यांचेच कट्टर लोक ओरडत होते. यांच्या नेत्या पलोसीबाईंनी निकालाच्या आधीपासून सांगून टाकलं होतं, तो विषय आमच्या पानावर नाही. शिव्या खाल्ल्या त्यांनी, पण सांगितलं."

बंड्याच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली. "म्हणजे बघा, जिंकलं तरी हात बांधलेले असतात. लोकांना कळत नाही."

"तिकडे बांधलेले असतात," काकांनी त्याला तिथेच धरला. "तिकडे कायदे करणारे वेगळे, राज्य चालवणारा वेगळा. आपल्याकडे ज्याची विधानसभा त्याचंच सरकार. पैशाच्या विधेयकाला विधान परिषद फार तर चौदा दिवस अडवेल. तुझ्या साहेबांना कोण नकाराधिकार दाखवणार आहे? ही सबब अमेरिकेतच चालते, ठाण्यात नाही."

"जनता पक्षाला नव्हतं का अडवलं राज्यसभेनं?" मी म्हणालो. ४४व्या घटनादुरुस्तीच्या वेळी लोकसभा जनता पक्षाची होती आणि राज्यसभेत काँग्रेसचा जोर होता, त्यामुळे सार्वमताचं कलम वगैरे राज्यसभेत गळालं, एवढं मला आठवत होतं.

"ते दिल्लीत. आणि घटनादुरुस्तीला. इथे हात फक्त एकाच गोष्टीनं बांधलेत." काकांनी वहिनींच्या गाडीवरचा बिस्किटाचा रिकामा पुडा फाडला, आतली पांढरी बाजू वर केली आणि खिशातलं पेन काढलं. "आज लाडक्या बहिणीला तरतूद किती? ३६ हजार कोटी. एका बाईला महिना १५००, वर्षाचे १८ हजार. भाग दे."

बंड्यानं मोबाइल काढला. काकांनी हातानंच नको म्हटलं.

"दोन कोटी बायका. बरोबर? आता जाहीरनाम्यातले २१०० घे. वर्षाचे २५,२००. गुणिले दोन कोटी, ५०,४०० कोटी. वरचे १४,४०० कोटी आणायचे कुठून? ते सांग, मी उद्या फाइल चालवतो."

पुड्यावर साखरेचे कण होते, त्यामुळे पेन मधेच अडकत होतं. १४,४०० मधला चार काकांनी तीनदा गिरवला.

"हे गणित निवडणुकीच्या आधी येत नव्हतं का त्यांना?" वहिनी म्हणाल्या. त्यांच्या खात्यात दीड हजार येतात. त्या ते लपवत नाहीत आणि त्याचं गाणंही गात नाहीत. गॅसचा एक सिलिंडर आणि धाकट्याची क्लासची थोडी फी, असा त्यांचा हिशेब ठरलेला.

"येत होतं," काका म्हणाले. "आमच्या खात्यात असली गणितं आधीच होतात. सांगत कुणी नाही."

"आता म्हणतात, जाहीरनामा पाच वर्षांचा असतो," जर्सी म्हणाला.

"मग भाषणात पाच वर्षांचं म्हणायचं होतं. टाळ्यांच्या वेळी आत्ता, आणि द्यायच्या वेळी पाच वर्षं!" वहिनी एवढंच बोलल्या आणि कटिंग भरायला लागल्या. माझ्या मते त्या रात्रीचं सगळ्यात नेमकं बोलणं हेच होतं, पण बंड्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

काका १९९५वर गेले. ते जाणारच होते. युतीचं पहिलं सरकार, सेनेचे ७३ आणि भाजपचे ६५, वर अपक्ष. मार्चमध्ये मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले तेव्हा मंत्रालयाच्या जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणे. प्रत्येकाच्या हातात अर्ज. प्रचारात काय काय म्हटलं होतं? चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना फुकट घरं, एक रुपयात झुणका-भाकर आणि एन्रॉनचा दाभोळचा वीजप्रकल्प अरबी समुद्रात बुडवणार.

"झुणका-भाकर मी खाल्लीय स्टेशनबाहेर," बंड्या म्हणाला. "लहान होतो."

"ती स्वस्त होती म्हणून मिळाली. घरं महाग होती. आणि एन्रॉन? ऑगस्टमध्ये करार रद्द झाला, पेढे वाटले लोकांनी. जानेवारी ९६ला फेरवाटाघाटी होऊन प्रकल्प परत आला. दाभोळला जाऊन लाठ्या खाल्लेल्या पोरांना ते कुणी घरी येऊन सांगितलं? सकाळी पेपरात वाचलं त्यांनी. माझ्या चाळीतला एक जण पेपर घेऊन माझ्याकडे आला. तुम्ही मंत्रालयात आहात, हे खरं का, म्हणून विचारायला! मी वित्त विभागातला साधा सहायक. मी काय सांगणार?"

फेरवाटाघाटी चूक होत्या की बरोबर, यावर पुढे वीस मिनिटं वाद झाला. तो इथे देत नाही, कारण तो १९९६पासून चालू आहे. मला त्या पेपरवाल्या माणसात जास्त रस होता. प्रकल्प परत आला यावर त्याचा राग असेल नसेल, पण गल्लीत आपण तोंडावर पडलो याचा नक्की होता. वचन पुरं होत नाही, हे आपल्याकडे मतदारालाही पाठ आहे. कार्यकर्त्याचं दुखणं निराळं. ज्या दारात त्यानं शब्द दिला, त्याच दारावरून त्याला रोज दुधाला जावं लागतं.

म्हणून मी बंड्याला विचारलं, "तुझं काम काय होतं रे साहेबांकडे? पोराची अ‍ॅडमिशन? तिकीट?"

तिकिटाचा प्रश्न तसा गैरलागूच. ठाणे महापालिकेवर तेव्हा २०२२च्या मार्चपासून प्रशासक बसला होता. नगरसेवक व्हायची स्वप्नं बघत आमच्या वॉर्डातल्या दोघांचे केस पांढरे झाले.

"काम काही नव्हतं," बंड्या म्हणाला.

"चौदा फोन आणि काम नाही?"

तो जरा गप्प बसला. मग म्हणाला, "चाळीतल्या बायका विचारतायत, बजेटमध्ये एकवीसशेचं काय झालं. मी दार वाजवून सांगितलं होतं ना. फॉर्मही मीच भरून दिले होते निम्म्यांचे. त्यांना काय सांगू, एवढंच विचारायचं होतं. मिळणार नाही तर नाही सांगा, पुढच्या वर्षी तर पुढच्या वर्षी. एक वाक्य द्या मला, मी सांभाळून घेतो. मला कुठे महामंडळ हवंय?"

मघाशी महामंडळ यानंच काढलं होतं, पण ते कुणी बोललं नाही.

"साहेबांकडेच वाक्य नसेल," जर्सी म्हणाला.

"मग तसं सांगायचं. माहीत नाही म्हणायला पैसे पडतात का?"

"सगळ्यात जास्त तेच पडतात," काका म्हणाले आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

वहिनींनी स्टोव्ह बंद केला आणि ग्लास बादलीत टाकले. बंड्याचा मोबाइल पायरीवर पालथा पडला होता. तो थरथरायला लागला आणि दगडावरून इंच इंच सरकायला लागला. कडेनं उजेड येत होता. बंड्यानं तो जरासा उचलून नाव बघितलं आणि पुन्हा पालथा ठेवला.

"साहेब?" मी विचारलं.

"नाही. चाळीतल्या मावशी."

"उचल की मग."

"मीटिंगमध्ये आहे म्हणून सांगतो उद्या," बंड्या म्हणाला आणि काकांचा तो बिस्किटाचा पुडा घडी करून खिशात टाकला.