विसर्ग किती, ते सांगा

पुण्यात पावसाळ्यामध्ये माणसाची पत खडकवासला धरणातून मुठा नदीत सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा, म्हणजे विसर्गाचा, आकडा त्याला इतरांच्या किती आधी कळतो यावर ठरते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अर्थात साधारण २८ लिटर पाणी, एवढे गणित ज्यांनी आयुष्यात कधी केलेले नसते तेही "पंधरा हजार ना? मग काही नाही, फक्त भिडे पूल पाण्याखाली जाईल" असे वाक्य चहाचा कप खाली न ठेवता टाकून मोकळे होतात. यात बढाईचा भाग असला तरी त्यामागची धास्ती खरी आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या पाण्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि नदीकाठच्या पेठा धुऊन नेल्या, ही हकिगत जुन्या घरांतून आजही भिंतीवर हात ठेवून "इथवर पाणी होते" अशी सांगितली जाते. आणि २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरले, तेव्हा नव्या पिढीलाही या आकड्याचे महत्त्व पटले. बरे, आकडा गुप्त असतो असेही नाही. जलसंपदा विभाग तो वेळ घालून जाहीर करतो आणि तो एका ओळीत मावतो. असे असूनही तो माझ्या मोबाइलच्या पडद्यावर येईपर्यंत आधुनिक तंत्रज्ञानाने माझा जो अंत पाहिला, तो सविस्तर सांगण्यासारखा आहे.

निमित्त झाले आमच्या मेहुण्यांचे. ते नाशिकहून आले आणि कोणालाही न विचारता गाडी थेट नदीपात्रात लावून घरी आले. वर "एवढी ऐसपैस जागा मोकळी असताना तुम्ही पुणेकर गल्लीबोळांत का तडफडता, हे मला कधी कळलेलं नाही, भाऊजी" असा शेराही त्यांनी मारला. नदीपात्र ही जागा पावसाळ्यात नदीला लागते, हे त्यांना समजावून सांगावे अशा बेतात मी असतानाच बाहेर पावसाने जोर धरला आणि मोबाइलने सूचना दिली: "पुणेकरांनो सावधान! खडकवासल्यातून 'इतक्या' क्युसेकने विसर्ग, 'या' भागांना धोका." मला या मथळ्याच्या लेखकाचे खरोखर कौतुक वाटले. आकडा त्याच्यासमोर होता, तो लिहिण्यासाठी त्याला पाच कळा दाबाव्या लागल्या असत्या. त्याऐवजी त्याने एक अख्खा शब्द लिहून त्याला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हांचे कुंपण घातले. पुराचा इशारा देताना पूर कोठे आणि किती हे तेवढे वगळायचे, ही कला आपल्याकडच्या बातमीदारीत अलीकडेच विकसित झाली असून तिचा वापर दहावीच्या निकालापासून सोन्याच्या भावापर्यंत सर्रास होतो.

बोट लावल्यावर पान उघडले, पण बातमी उघडली नाही. प्रथम कुकींसाठी परवानगी मागण्यात आली. ही कुकी नावाची सोय १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी काढली, तेव्हा तिचा हेतू संकेतस्थळाला ग्राहकाची मागच्या खेपेची खरेदी आठवावी इतका साधा होता. पुढे तिला सगळेच आठवू लागले. म्हणून युरोपात २५ मे २०१८ पासून कडक कायदा लागू झाला, आणि त्याचा परिणाम म्हणून वाचकाची पाळत कमी होण्याऐवजी पाळतीला वाचकाची लेखी संमती घेण्याची पद्धत जगभर रूढ झाली. माझ्यासमोर 'सर्व स्वीकारा' हे बटण गर्द निळ्या रंगात अंगठ्याखाली येईल अशा बेताने ठेवलेले होते, तर 'पर्याय बदला' ही अक्षरे पांढऱ्यावर फिकट करडी अशी होती की ती वाचण्यासाठी चष्मा पुसावा लागला. नकाराचे बटण नव्हतेच. त्यानंतर सूचना पाठवू का, असे विचारून 'होय' आणि 'नंतर' असे दोन पर्याय देण्यात आले. मी 'नंतर' म्हटले. ते इतक्या लवकर येईल असे वाटले नव्हते. पान जरा वर सरकवताच तोच प्रश्न पुन्हा समोर आला. मग अॅप उतरवून घेण्याचा आग्रह झाला, आणि तोही मोडून काढल्यावर गुडघेदुखीवरच्या तेलाची जाहिरात बातमीच्या डोक्यावर ठाण मांडून बसली.

गुडघेदुखी माझी नाही, आईची आहे. पण तिच्यासाठी मी केव्हातरी तेलाची चौकशी केली होती, ती या मंडळींनी लक्षात ठेवली. याची रीत मोठी विलक्षण आहे. पान उघडत असताना त्यावरच्या रिकाम्या जागेचा त्या क्षणी लिलाव होतो. हा वाचक कोण, कोठला, त्याला काय हवे असावे याची माहिती बोली लावणाऱ्यांकडे जाते, बोली लागतात, सौदा तुटतो, आणि हा सगळा व्यवहार साधारण एक दशांश सेकंदात आटोपतो. म्हणजे मुठेचे पाणी मेहुण्यांच्या गाडीच्या चाकांपर्यंत येत असताना माझ्या आईच्या गुडघ्यांवर बोली लावून ती जिंकण्याइतकी तडफ या यंत्रणेत होती. आकडा मात्र अजून वाटेत होता.

जाहिरातीबद्दल माझी तक्रार मुळात नाही. बातमी फुकट वाचायची तर कोणीतरी पैसे भरणार, हे मला समजते. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी हॉटवायर्ड या संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची पट्टी झळकली तेव्हा ती पानाच्या एका कडेला गुमान बसलेली होती, आणि इथे कधी क्लिक केले आहे का, एवढेच विचारत होती. पुढे आपोआप उघडणारी खिडकी आली. तिचा कोड लिहिणाऱ्या ईथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये जाहीर माफी मागितली. आपला हेतू चांगला होता, हेही त्यांनी सांगितले. माफी मी मोठ्या मनाने स्वीकारली आहे. प्रश्न खिडकीचा आहे, कारण ती बंद करण्याची फुली दिवसेंदिवस लहान होत चालली असून माझ्या बोटाचा आकार मात्र तोच राहिला आहे. शिवाय फुलीवर नेम धरून बोट टेकवावे तो वरचे एखादे चित्र उघडते, सगळे पान चार बोटे खाली घसरते आणि आपण पैठणीच्या दुकानात जाऊन पडतो. मेहुणे खांद्यावरून पाहत होते. "विसर्ग किती?" त्यांनी विचारले. "साडेचार हजारांपासून पुढे," मी म्हणालो, आणि त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकल्यावर तो पैठणीचा भाव असल्याचे सांगितले.

परत येऊन बातमी वाचू लागलो. पहिल्या परिच्छेदात मथळाच थोडा सैल करून लिहिला होता. दुसऱ्यात पावसाळ्यात पाऊस पडतो व त्यामुळे धरणे भरतात, ही माहिती होती. मग 'हेही वाचा' या शीर्षकाखाली 'या' राशीच्या लोकांना धनलाभ होणार असल्याचे कळले, आणि कोपऱ्यात एक चित्रफीत आपण होऊन सुरू झाली, तीत एक निवेदिका विदर्भातल्या उष्म्याविषयी तावातावाने बोलत होती. तिसऱ्या परिच्छेदाने खडकवासला धरण मुठा नदीवर असल्याची आठवण करून दिली. चौथा 'पुढे वाचा' या बटणामागे होता, आणि तिथे अखेर आकडा सापडला. फक्त तो सकाळचा होता, जरी पानाच्या माथ्यावर 'तीन मिनिटांपूर्वी अद्ययावत' असे लिहिलेले होते. अद्ययावत काय झाले असावे याचा मी शोध घेतला, तर धनलाभ होणारी रास बदलली होती.

या असल्या क्लृप्त्यांना हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये 'डार्क पॅटर्न' असे नाव दिले. आपल्या केंद्र सरकारनेही नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांच्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि १३ प्रकार नावानिशी नोंदवले: खोटी घाई करणे, नकार देणाऱ्याला लाज वाटायला लावणे, सारखे मागे लागणे, जाहिरातीला बातमीचे कपडे घालणे, वगैरे. यादी वाचताना ओळखीची माणसे भेटल्यासारखे वाटते. एवढ्या बारकाईने लिहिलेली यादी मी सरकारी कागदात क्वचितच पाहिली आहे, फक्त ती कोणी ताकीद म्हणून न वाचता मार्गदर्शक म्हणूनच वाचत असावे, अशी मला शंका आहे.

दुसरीकडे शोधावे म्हणून मी घाईघाईने चार-दोन वेळा तोच प्रश्न टाइप केला, तर मी यंत्र असल्याचा संशय घेण्यात आला. मी माणूस आहे हे सिद्ध करण्यासाठी पडद्यावर नऊ चौकोन मांडले गेले आणि खाली हुकूम आला: 'पूल असलेली सर्व चित्रे निवडा.' जगातल्या सगळ्या वस्तूंमधून त्या क्षणी माझ्याकडे पुलाचीच विचारणा व्हावी, यात नियतीचा हात असावा. चित्रांतले पूल परदेशी होते, उंच, तारांनी तोललेले, खाली निळे पाणी असलेले; ज्याच्यावरूनच पाणी जाते त्याला पूल म्हणावे की नाही, याचा निर्णय त्या यंत्राने कधी केला नसावा. ही माणसाची परीक्षा २००० साली कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झाली. पुढे लुईस फॉन आन यांनी तिच्यातूनच जुन्या छापील मजकुरातले यंत्राला न वाचता आलेले शब्द लोकांकडून वाचून घेण्याची युक्ती काढली, आणि २००९ मध्ये गुगलने ती विकत घेतली. तेव्हापासून आपण सारे यंत्राला वाचायला आणि बघायला शिकवण्याची शिकवणी बिनपगारी चालवत आहोत, आणि विद्यार्थी आता शिक्षकाकडेच ओळखपत्र मागतो.

तोवर मेहुण्यांनी स्वतःचा मोबाइल काढला. त्यांच्याकडे एक एआय सहायक आहे, तो त्यांना सिमकार्डाबरोबर फुकट मिळाला. २०२५ मध्ये आपल्याकडे अशा महागड्या सहायकांची वर्ष-वर्षाची वर्गणी वाणसामानाबरोबर मिळणाऱ्या चमच्यासारखी वाटली गेली, आणि फुकटचे घेताना चौकशी करायची नाही हा आपला नियम असल्याने कोणीही केली नाही. सहायकाचे मराठी माझ्यापेक्षा शुद्ध होते. त्याने एक भला मोठा आकडा दिला, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे असे बजावले, बाबा भिडे पूल डेक्कन आणि नारायण पेठ यांना जोडतो हे सांगितले, आणि शेवटी विचारले, "भिडे पुलाच्या परिसरात एक दिवसाच्या सहलीचा आराखडा तयार करून देऊ का?" मी तो आकडा पाहिला मात्र, मला ओळख पटली. तो गेल्या वर्षीच्या पुराचा होता. सहायकाने त्याला आजची तारीख घातली होती.

यात त्या यंत्राला दोष देण्यात फारसा अर्थ नाही, कारण ते शिकले कोठे, तर मी नुकताच जिच्यातून धडपडत बाहेर आलो त्या पानावर आणि तसल्याच कोट्यवधी पानांवर. मे २०२४ मध्ये गुगलच्या एआय सारांशाने पिझ्झ्यावरचे चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद मिसळा, असा सल्ला दिला. त्याचे मूळ कोणीतरी अनेक वर्षांपूर्वी रेडिट या गप्पांच्या संकेतस्थळावर केलेल्या थट्टेत सापडले. थट्टा ओळखू न येणाऱ्या यंत्राने पुणेकरांचे लिखाण वाचून काय निष्कर्ष काढले असतील, या कल्पनेने माझ्या अंगावर काटा येतो. आणि बोललेल्याची जबाबदारी कोणाची? एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका शोकग्रस्त प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली, तेव्हा चॅटबॉट आपल्या कृत्यांना स्वतःच जबाबदार आहे, असा पवित्रा कंपनीने घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातील न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई दिली.

या प्रकरणात मला सगळ्यात खटकते ते हिशेबाचे. आकडा मथळ्यातच दिला असता, तर मी तो वाचून क्षणार्धात मोबाइल खिशात टाकला असता. पण माझ्या समाधानाचे पैसे कोणालाच मिळत नाहीत, पैसे मिळतात ते माझ्या खोळंब्याचे. एआयने तो खोळंबा वाचवायचा, तर तो त्या पानावरचा आकडा उचलून परस्पर मला देणार, मग त्या पानाला ना वाचक ना जाहिरात. धरणावर फोन लावून, वेळ विचारून, आकडा लिहून घेणाऱ्या वार्ताहराचा पगार यापुढे कोणत्या खात्यावर टाकायचा, हे मला कोणी सांगितलेले नाही, आणि तो वार्ताहर गेला की सहायकाकडे गेल्या वर्षीचेच आकडे कायम राहणार.

इतक्यात नदीकडून भोंग्याचा आवाज आला. पात्रातल्या गाड्या ताबडतोब काढाव्यात, पाणी वाढवण्यात येत आहे, असे पोलीस स्वच्छ मराठीत, कोणतीही परवानगी न मागता आणि कोणतेही तेल न विकता सांगत होते. मेहुणे छत्री न घेता धावले आणि अर्ध्या तासाने चिंब भिजून, गाडी आमच्या गल्लीत तिरकी लावून परतले. मी तेवढ्या वेळात त्यांच्या सहायकाला आकडा जुना असल्याचे कळवले होते. त्याने तत्काळ दिलगिरी व्यक्त केली, चूक लक्षात आणून दिल्याबद्दल माझे आभार मानले आणि तितक्याच ठामपणे दुसरा आकडा दिला, जो त्याच्याही आदल्या वर्षीचा असावा. मेहुण्यांनी डोके पुसता पुसता ते सगळे वाचले आणि म्हणाले, "चुकतो, पण माफी तरी मागतो, भाऊजी. तुमच्या पुण्यात मी एवढं अजून कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही."